लेकीचा वाटा

नौपाडा, ठाणे
२१ मे २०२४

ती. दादास,
केशरचा नमस्कार.

वाटा पोचला. तुझी नात शिवानी डबा घेऊन आली तेव्हा वहिनीच्या मसाल्याचा वास माझ्या आधी सगळ्या जिन्याला कळला होता. समोरच्या काकू मासे खात नाहीत, पण त्यांनीही दार उघडून "काय गं आज?" म्हणून विचारलं. मरळीचे तुकडे दोन दिवस पुरवून खाल्ले. साकेतला एक दिला, तर म्हणाला, "आई, याला चिखलाची चव येते." मी म्हटलं, "बाळा, त्यासाठीच खायचा असतो."

इथल्या बायकांना मी सांगते, की वैशाखात तळं उतरलं की आमचं सगळं गाव एकाच दिवशी पाण्यात उतरतं, काठावर माशांचे वाटे पडतात, घराघराचे पडतात तसे सासरी गेलेल्या लेकींचेही पडतात. त्यांना खोटं वाटतं. म्हणतात, माहेरच्या जमिनीत हिस्सा मागितला तर भाऊ तोंड बघत नाहीत, आणि तुमचं गाव म्हातारपणीही मासे पाठवतं?

यंदाही येणं झालं नाही, रागावू नकोस. गुडघे अगदी बोलायला लागलेत. डॉक्टर म्हणतात चढ-उतार टाळा, आणि आपल्या तळ्याला उताराशिवाय आहे काय? संध्याकाळी मी इथल्या तलावपाळीवर जाऊन बसते. फिरायला सपाट वाट, पाठ टेकायला बाक, पाण्यात दिव्यांचा उजेड. होड्या फिरतात, पोरं भेळ खातात. म्हाताऱ्यांची मोठी सोय आहे. आपल्या तळ्याला असं काही केलं असतं तर मी दर महिन्याला आले असते बघ!

साकेतचा घोडबंदरला चल म्हणून धोशा चालूच आहे. बाविसावा मजला. मी अजून हो म्हटलेलं नाही.

वहिनीला नमस्कार.
तुझी,
केशर


हेदुळी, ता. कल्याण
१४ जुलै २०२४

चि. केशर हीस,
दौलतचे अनेक आशीर्वाद.

लावणीत होतो, म्हणून उशीर. फोन करू नकोस असं मीच सांगितलंय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी अंदाजाने "बरं बरं" म्हणतो. मागे तू नणंदेचा पाय मोडल्याचं सांगितलंस आणि मी "छान झालं" म्हणालो, त्यावर तुझी वहिनी अजून मला टोमणे मारते. कानातलं यंत्र आणलं होतं. ते शिट्ट्या मारतं. डब्यात ठेवून दिलंय.

गावात नवीन खूळ आलंय. आपली शिवानी नकाशे करायचं शिकली, डोंबिवलीला ऑफिसात असते, हे तुला ठाऊकच आहे. ती म्हणते, बाहेरचे येऊन आपल्या गावाचं काहीतरी ठरवण्याआधी गावानेच बसून आपला आराखडा करायचा. पाणी कुठून येतं, कुठे जातं, पुढच्या पोरांना काय ठेवायचं. आजोबाची नात आहे, ऐकते थोडीच. एका संस्थेची दोन माणसं घेऊन आली आणि देवळापुढच्या अंगणात सगळ्यांना रांगोळीने गाव काढायला लावलं.

म्हाताऱ्या बायकांनी तळं काढलं ते पार उंबरापर्यंत. सरपंचाचा सुशांत हसायला लागला. "आजी, तला येवरा मोठा नाय गो!" तर तुझी वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तू कवा बगलास? आमी पवलोय तिथं." मग पोरांनी आत आपलं छोटं तळं काढलं. शिवानीने दोन्ही पुसू दिली नाहीत. म्हणाली, या दोन रेघांच्या मधे जी जागा आहे ना, तिचं काय करायचं तेच ठरवायचंय. मधली जागा म्हणजे आपला उतार, उंबराखालचा. पावसात पाण्याखाली, उन्हाळ्यात भेगाळलेला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला नीट कळव, तुमच्या तलावपाळीला कठडा किती उंच आहे? बाक लाकडी की सिमेंटचे? वाट कशाची? म्हातारं माणूस काठी घेऊन चालू शकतं का?

उगीच विचारतोय असं समज.
दौलत


नौपाडा, ठाणे
२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
केशरचा नमस्कार.

तू आणि कठड्याची उंची! ठाण्याला येऊन उडी मारायचा विचार आहे की काय? कठडा माझ्या छातीला लागतो. वाट फरशांची, काठीवाले तर माझ्याहून जोरात चालतात. झालं समाधान?

वहिनीच्या रांगोळीचं वाचून मी एकटीच हसले. उंबरापर्यंत पाणी यायचं, खरंच यायचं. पावसाळ्यात आई उंबराच्या मुळाशी बसून कपडे धुवायची आणि जसजसं पाणी मागे सरकेल तसा तिचा धुण्याचा दगड तू आणि बाबा खाली ढकलत न्यायचात. होळीपर्यंत दगड तळ्यात निम्म्यावर गेलेला असायचा. पाऊस आला की पुन्हा वर. दुसऱ्या कुठल्या गावात धुण्याचा दगड पाण्याच्या मागे मागे हिंडतो का रे? मला तू म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकवलंस. म्हैस मध्येच बसली तेव्हा माझ्या नाकातोंडात पाणी गेलं आणि तू म्हशीलाच ओरडलास.

आणि वाट्याचा दिवस! पळसाच्या पानांवर वाटे मांडलेले, घरांचे एका रांगेत, लेकींचे दुसऱ्या रांगेत, उंबराच्या सावलीला. नाथाचे वडील एकेक नाव पुकारायचे. सासरचं नाव नाही, बापाचं. "केशर शिवरामाचीऽऽ!" मी शेजारी उभी असले तरी आई मला बोलू द्यायची नाही. पदर खोचून तीच ओरडायची, "हायऽऽ!" सगळं गाव हसायचं. शाळेत मी बाई, सोसायटीत काकू, साकेतच्या मित्रांत आँटी. शिवरामाची म्हणून मला हाक मारणारी ती एकच जागा होती.

गणपतीची तयारी झाली असेल. शिवानीला आशीर्वाद.
केशर


हेदुळी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. केशर हीस,
अनेक आशीर्वाद.

आता ऐक. तोंड गोड कर आणि मग ऐक.

आराखड्याच्या बैठका चालू आहेत. पुष्कळ गोष्टी ठरल्या. गणपती तळ्यात नाही, वेगळ्या हौदात. गाळ काढायचा तो ठेकेदाराने नाही, घरटी एका माणसाने, आणि तो आपापल्या शेतात टाकायचा, पूर्वीसारखा. तळ्याच्या वरच्या अंगाला नवीन बोअर नाही. तळ्याला पाणी आणणारा वरचा वहाळ पावसाआधी मोकळा करायचा. डोंबिवलीचे टॉवर आता आपल्या बांधावरून दिसतात, तेव्हा हे आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे, असं शिवानीचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

उताराचं मात्र मी सुचवलं. होय, तुझ्या दादाने! सुशांत आणि त्याची पोरं लगेच माझ्या बाजूला आली. उताराला दगडी भिंत, तिच्यावर कठडा, आतून फरशांची वाट, उंबराभोवती बाक आणि दिवे. अगदी तुझ्या तलावपाळीसारखं. शिवानी जरा कुरकुरली, पण आजोबा म्हणाल्यावर गप्प बसली. पहिला बाक उंबराखाली, पाठीचा. त्याला पोरं आत्ताच केशरआत्याचा बाक म्हणतात.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर होईल. आता गुडघ्याचं निमित्त चालायचं नाही. तू लिहिलं होतंस ना, असं केलं तर दर महिन्याला येईन?

वाट्याचं थोडं बदलावं लागेल. भिंत झाल्यावर गावाला पाण्यात उतरता येणार नाही. चार माणसं होडीतून जाळं टाकतील, वाटे शाळेच्या पटांगणात पिशव्यांत भरून ठेवू. पिशवीवर नाव लिहायचं, ज्याची त्याने न्यायची. पुकारायची कटकट नको. माझे कान असे, मला तरी बरंच आहे.

कळव, खूश झालीस का.
दौलत


नौपाडा, ठाणे
५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
केशरचा नमस्कार.

खूश नाही झाले. पत्र वाचून मला रडू आलं, आणि मग तुझा राग आला, आणि मग माझा स्वतःचा.

दादा, ते मी थट्टेत लिहिलं होतं. तलावपाळी चांगली आहे, शहराला तशीच हवी, हजारो माणसं तिथे दोन घटका श्वास घेतात. मीही घेते. पण तिथे मी पाण्याकडे बघत बसते ती आपलं तळं आठवायला. छातीएवढ्या कठड्यावरून पाण्याला हात लागत नाही. आणि तू तोच कठडा उचलून उंबराखाली आणतोस, तोही माझ्या नावाने! आईचा दगड कुठे ठेवणार? भिंतीच्या आत की बाहेर? पाणी मागे सरकलं तर तो कोणाच्या मागे जाणार?

आता खरं लिहिते, कारण न लिहिण्याचा परिणाम समोर दिसतोय. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण गुडघ्यांमुळे मी थांबले नाही. मी जिने चढते, बाजार करते. आई गेल्यानंतर मी वैशाखात येणं बंद केलं ते एका भीतीने. नाथा पुकारणार, "केशर शिवरामाची," आणि पुढे कोणीच काही बोलणार नाही. ती शांतता ऐकायची माझी हिंमत नव्हती. वाटा तू प्रेमाने पाठवतोस, तुझ्याच हिश्शातला काढून देतोस हे मला कळतं. पण "हाय" म्हणणारी गेली.

तो उतार गेला तर पुकारणंही जाईल. पिशवीवर नाव नको रे मला. तुझ्या पाया पडते, ते काढून टाक.
केशर


हेदुळी
२० डिसेंबर २०२४

केशर,

पत्र मिळालं. तुझ्यासाठी गावाशी भांडून जे मिळवलं, ते आता गावाशी भांडून परत करू? सुशांतला काय सांगू, आमची बहीण थट्टा करत होती म्हणून? माझं हसं होऊन बसलंय.

आणि माझ्या हिश्शातला वाटा म्हणे. मास्तरकी केलीस ना जन्मभर? काही कळत नाही तुला.

दौलत


हेदुळी
३० जानेवारी २०२५

चि. केशर हीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुला 'चि.' लिहायचं राहिलं. राहिलं नव्हतं, मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता दोनदा समज.

ग्रामसभा झाली. शिवानी शेजारी बसून मला पाटीवर लिहून दाखवत होती कोण काय बोलतंय ते. उताराचा विषय निघाला तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो, ती भिंत काढून टाका. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुशांत म्हणाला, "दादाजी, कालपावत तुमानाच दिवं पायजे व्हतं!" सगळी सभा हसली, ते मला पाटीशिवाय कळलं. मग खिशातून तुझं पत्र काढून शिवानीला दिलं, वाच म्हणालो. रागावू नकोस. तिने वाचलं. आईच्या दगडाशी आली तेव्हा बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. मला ऐकू येत नसलं तरी दिसतं.

मग नाथा उठला. तोच हल्ली नावं पुकारतो. म्हणाला, "त्या उतारावं लेकींचा वाटा परतो. लेकींना न इचारता भिंत कशी घालनार?" हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रांगोळी काढली तेव्हा गावातल्या सगळ्यांना बोलावलं, पण गावाबाहेर ज्यांचा वाटा जातो त्यांना बोलावलंच नाही. शिवानीचं तोंड एवढंसं झालं. मग तिथेच फोन लावले, एकेकीला. दिवा गावात दिलेली नाथाची धाकटी लेक म्हणाली, "आमाना हितं नलाला पानी नाय, आन तुमी असलेला तला बांधून टाकताव?" कल्याणची एक म्हणाली, भिंत बांधाच, लहान पोरं पडतात पाण्यात. तिचंही खोटं नाही. दुपार झाली भांडता भांडता.

शेवटी ठरलं ते असं. उतार तसाच राहील, मातीचा. कडेला करंज आणि वाळा लावायचा. फिरायची वाट रस्त्याच्या अंगाला, मुरुमाची, दोन दिवे आणि बाक तिकडेच. पोरांसाठी खोल बाजूला तेवढं कुंपण. सुशांत अजून फुगलेला आहे. वरच्या वहाळात नव्या इमारतीचा राडारोडा पडलाय, त्याचा अर्ज दिलाय, त्याचं काय होईल ते देव जाणे. सगळं काही जिंकलं असं नाही.

आता तुझ्याशी भांडण. मी माझ्या हिश्शातला वाटा पाठवतो असं तुला वाटत होतं? अगं, नाव पुकारल्यावर कोणी "हाय" म्हटल्याशिवाय लेकीचा वाटा उचलता येतो का? गावचा नियम विसरलीस? आई गेली त्या वर्षीपासून मी म्हणतोय. आईसारखा आवाज येत नाही मला, पहिल्या वर्षी बायका हसल्या, पुरुषमाणूस "हाय" म्हणतो म्हणून. मी म्हटलं, हसा. तुझं नाव एकदाही रिकामं गेलेलं नाही. तू लिहिलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं, आणि मी सांगितलं असतं तर तू आली असतीस. दोघं एका आईची, दोघंही सारखीच.

वहिनी म्हणते, पुरे झालं, जेवायला चला.
दौलत


नौपाडा, ठाणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
केशरचा नमस्कार.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय, लहान मुलीसारखं. एवढी वर्षं तू ओरडत होतास आणि मी इथे बसून शांततेला घाबरत होते! तुझा तो घोगरा "हाय" कसा येत असेल याचा विचार करते आणि मला एकाच वेळी हसू येतं आणि रडू येतं.

शिवानी येऊन नवा नकाशा दाखवून गेली. त्यात उताराच्या जागी तिने रंग भरलेला नाही, नुसतं लिहिलंय, 'पाण्याची आणि गावाची'.

यंदा यायचं मनात आहे, पण नक्की म्हणत नाही. साकेतने मे महिन्यात घोडबंदरला सामान हलवायचं ठरवलंय. इतक्या वर्षांनी येऊन तिथे उभं राहायचं म्हणजे पायांपेक्षा मनच जास्त लटपटतं. जमलं नाही तर वाटा नेहमीसारखा शिवानीबरोबर पाठव.
केशर


हेदुळी
२२ एप्रिल २०२५

चि. केशर हीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी तळं धरायचं ठरलंय. पाणी छान उतरलंय. आईचा दगड पोरांनी निम्म्यापर्यंत नेऊन ठेवलाय, सुशांतही हात लावायला आला होता.

वाटा पाठवणार नाही.

कारण सांगतो. गेल्या वर्षी नाथाने तुझं नाव पुकारलं ते मला ऐकूच आलं नाही. मी जाळ्यातली मरळ बघत होतो. त्याने पुन्हा पुकारलं, तरी नाही. शिवानीने पाठीत धपाटा घातला तेव्हा मी ओरडलो. तेवढ्या वेळात तुझं नाव तसंच उन्हात उभं होतं. तुला कळवलं नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यंदा कान पार गेलेत. शिवानी म्हणते, मी खूण करेन, तुम्ही ओरडा. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या खुणेवर ओरडायला मी काय घंटा आहे?

तर यंदा मी तोंड उघडणार नाही. वहिनीलाही सांगून ठेवलंय. नाथा पुकारेल. कोणी बोललं नाही तर नियमाप्रमाणे वाटा परत ढिगात जाईल.

नाव तुझं आहे. काय करायचं ते तू बघ.
दौलत


घोडबंदर रोड, ठाणे
६ मे २०२५

ती. दादास,
केशरचा नमस्कार.

सुखरूप पोचले. साकेतने परस्पर नव्या घरीच आणलं. बाविसाव्या मजल्यावरून खाडीची एक पट्टी दिसते, वाईट नाही. वाटा मी स्वतःच्या हाताने साफ केला, स्वतःच्या हाताने तळला. नखांत अजून गाळ आहे, आजच्या दिवस तो तसाच ठेवते. साकेतने तीन तुकडे खाल्ले आणि चिखलाचं नाव काढलं नाही.

वहाळाच्या अर्जाचं काय झालं ते कळव. आता तो माझाही अर्ज आहे, सही करायला मी येईन.

एक राहिलं. नाथाने नाव घेतलं तेव्हा तू गुडघाभर पाण्यात मुद्दाम पाठ करून उभा होतास. घरी जेवताना तू काही विचारलं नाहीस, आणि माझाही घसा बसला होता. तुला ऐकू आलं नसणार, म्हणून लिहून कळवते.

मी "हाय" म्हटलं, दादा. आईएवढ्या मोठ्याने.

तुझी,
केशर शिवरामाची